उभ्या पिकावरचा बोजा: शेतकरी आमदार लिओनायडस पोल्क आणि त्याची कापसाची वखार

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या विधिमंडळात 1860 साली ॲन्सन काउंटीतून 23 वर्षांचा एक शेतकरी निवडून आला. नाव लिओनायडस लाफायेट पोल्क. पुढे 1864 साली तो दुसऱ्यांदा आमदार झाला आणि 1865 च्या घटना-परिषदेवरही गेला. 1892 साली तो वारला, तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी शेतकऱ्यांचा उमेदवार म्हणून त्याचंच नाव सगळ्यात पुढे होतं. गंमत अशी, की त्याच्या आयुष्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग म्हणजे त्याची आमदारकी. खरं काम त्याने सभागृहाबाहेर राहून केलं. ते समजायला मात्र आधी खेड्यातल्या दुकानदाराची उधारीची वही उघडावी लागते.

पोल्कचा जन्म 1837 चा. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत आईवडील दोघंही गेले. डेव्हिडसन कॉलेजात एखादं वर्ष काढून तो वडिलोपार्जित जमिनीवर परतला आणि वयाच्या विशीत त्याने संसार थाटला. ही शेती गुलामांच्या श्रमावर चालायची, आणि पोल्क स्वतः गुलामांचा मालक होता. पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

राजकारणात तो व्हिग पक्षाचा, म्हणजे अमेरिकेतून फुटून निघायच्या विरोधातला. तेव्हा नॉर्थ कॅरोलायनाच्या कनिष्ठ सभागृहाला इंग्लंडसारखंच ‘हाउस ऑफ कॉमन्स’ म्हणत. सदस्य 120, आणि नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा. मे 1861 मध्ये राज्य फुटून निघालं आणि यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने उतरलं, तसा फुटीला विरोध करणारा हा माणूसही सैन्यात गेला. तो झेब्युलन व्हॅन्सच्या 26 व्या रेजिमेंटमध्ये होता, नंतर 43 व्या रेजिमेंटमध्ये लेफ्टनंट झाला आणि गेटिसबर्गच्या लढाईत जखमी झाला. व्हॅन्स हे नाव लक्षात ठेवा, तीस वर्षांनी ते पुन्हा येईल. 1864 ची निवडणूक पोल्क सैनिकांच्या मतांवर जिंकला. 1865 च्या घटना-परिषदेने राज्याचा फुटीचा ठराव रद्द केला आणि गुलामगिरी संपवली.

वहीतलं गणित

युद्ध संपलं तेव्हा दक्षिणेत जमीन होती आणि हातही होते, पण पैसा नव्हता. बँका बुडालेल्या, फुटीर सरकारच्या नोटा रद्दी झालेल्या. गुलामांत गुंतवलेली मालकांची संपत्ती कायद्याने शून्यावर आली. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांकडे जमीन नव्हती. मग बियाणं, खत, खेचर आणि पीक हाती येईपर्यंतचं धान्य कशाच्या भरवशावर मिळणार? 1867 साली राज्याने कायदा करून उत्तर दिलं, की अजून न उगवलेल्या पिकावर बोजा चढवता येईल. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो, तिथे तो थेट येणाऱ्या कापसावर चढू लागला.

व्यवहार असा चाले. मार्चच्या सुमाराला शेतकरी गावच्या दुकानदाराकडे जाऊन कागद करून देई. त्या दिवसापासून त्याला लागणारं सगळं त्याच दुकानातून उधार यायचं, कारण एकदा पीक एकाच्या नावावर गेलं की दुसरा कोणी उधार देत नसे. दुकानात प्रत्येक वस्तूला दोन भाव असत, एक रोखीचा आणि एक उधारीचा. फरक निदान सवाईचा, बरेचदा दिढीच्या जवळ जाणारा. समजा, रोखीने 100 डॉलरचा माल सवाईने 125 ला वहीत चढला. खरेदी मार्च ते ऑगस्ट अशी पसरलेली आणि हिशेब नोव्हेंबरात, म्हणजे उधारी सरासरी सहा महिन्यांची. सहा महिन्यांना 25 टक्के म्हणजे वर्षाला 50 टक्के. दिढी असेल तर वर्षाला 100. दक्षिणेतल्या त्या काळच्या दुकानांच्या भावांवरून इतिहासकारांनी काढलेला दर वर्षाला 60 टक्क्यांच्या आसपास येतो. व्याज हा शब्द वहीत कुठेच नसे. तो भावातच मुरलेला असायचा, त्यामुळे व्याजावर मर्यादा घालणारे कायदे त्याला शिवतही नसत.

त्यावर दुकानदाराची अट असे, की कापूसच लावायचा. मका घरात खाल्ला जातो. कापूस खाता येत नाही आणि तो कुठेही विकला जातो, म्हणून तारण म्हणून तोच चांगला. मग घरचा मका आणि घरची डुकरं कमी झाली, आणि तेच धान्य व तेच मांस दुकानातून उधारीच्या भावाने विकत यायला लागलं. सगळ्यांनी कापूस लावला की भाव पडतो. भाव पडला की वही भागत नाही, आणि बाकी पुढच्या वर्षीच्या पिकावर चढते.

यात चलनाने भर घातली. 300 डॉलरचं कर्ज कापूस पौंडाला 12 सेंट असताना घेतलं, तर ते फेडायला 2,500 पौंड रुई लागते, म्हणजे 500 पौंडी पाच गाठी. भाव 8 सेंटवर आला की त्याच कर्जाला साडेसात गाठी लागतात. आकडा तोच, पण घाम दीडपट. 1870 नंतरच्या वीस वर्षांत भाव साधारण याच दिशेने घसरत गेले आणि 1894 मध्ये तर 5 सेंटच्याही खाली गेले.

मराठी वाचकाला हे चित्र नवीन वाटायला नको. अमेरिकेतल्या त्याच युद्धामुळे 1861 ते 1865 दरम्यान तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेना, आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळले. तेजीत सढळ हाताने कर्ज देणारे सावकार मंदीत तगादे लावू लागले. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि खतपत्रं हिसकावून जाळली. सरकारने 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला, तो त्या उद्रेकानंतर. बाजार एकच होता, त्याची दोन टोकं होती.

पोत्यात नेमकं काय आहे?

1873 च्या सुमाराला पोल्कच्या जमिनीजवळून रेल्वे गेली. त्याने जमिनीचे तुकडे पाडून गाव वसवलं. पोल्कटन नावाचं ते गाव आजही आहे. तिथून ‘ॲन्सोनियन’ नावाचं साप्ताहिक काढून तो एक मागणी लावून धरू लागला: राज्याला स्वतंत्र कृषी खातं हवं. 1875 च्या घटनादुरुस्तीत त्याची तरतूद झाली, 1877 साली खातं उभं राहिलं आणि पहिला आयुक्त पोल्कच झाला.

खात्याचं सगळ्यात उपयोगी काम खतांच्या तपासणीचं होतं. कापसाने झिजलेल्या जमिनीला खत लागायचंच, आणि बाजारात ‘ग्वानो’ (मूळ अर्थ समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत) या नावाखाली काहीही विकलं जायचं. शेतकऱ्याची परीक्षा वासावर आणि रंगावर चाले. घाण वास आला म्हणजे माल जोरदार! पण वासावरून नत्र किती ते कळत नाही, स्फुरद पिकाला घेता येईल अशा रूपात आहे की नाही ते कळत नाही, आणि पालाशला तर वासच नाही. वाळू किंवा माती मिसळलेलं पोतं उघड व्हायचं ते थेट वेचणीत. तोवर त्याची किंमत उधारीच्या भावाने वहीत चढलेली असायची.

नवा कायदा असा होता: खताचा प्रत्येक ब्रँड राज्यात विकायचा तर वर्षाला 500 डॉलर परवाना फी भरायची. त्या पैशातून खातं आणि चॅपेल हिलची प्रयोगशाळा चालायची, शेतकऱ्यावर वेगळा कर नाही. खात्याची माणसं बाजारातल्या मालाचे नमुने काढत, रसायनतज्ज्ञ अल्बर्ट लेडू त्यांचं पृथक्करण करी, आणि विक्रेत्याने सांगितलेल्या प्रमाणाशी ते ताडून पाहिलं जाई. अमेरिकेत असं केंद्र याआधी कनेक्टिकटने काढलं होतं, 1875 साली.

यातही एक गोम होती. वर्षाला शंभर टन विकणारा आणि दहा हजार टन विकणारा, दोघांनाही फी 500 च. म्हणजे भेसळवाल्यांबरोबर छोटा प्रामाणिक कारखानदारही बाहेर पडायचा. शेवटी 1890 साली केंद्रीय न्यायालयाने ही फी घटनाबाह्य ठरवली आणि राज्य दर टनामागे शुल्क घेऊ लागलं. ते पहिल्यापासून तसं असायला हवं होतं.

पोल्कने 1880 मध्ये आयुक्तपद सोडलं. मधली काही वर्षं त्याने घटसर्पावरचं आपल्याच नावाचं औषध विकण्यात घालवली. पोत्यातल्या खताची तपासणी करायला लावणारा माणूस बाटलीतल्या औषधाबद्दल तेवढा काटेकोर नव्हता. चरित्रात हा भाग झाकण्यात काही अर्थ नाही.

1886 च्या फेब्रुवारीत त्याने ‘प्रोग्रेसिव्ह फार्मर’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि पुढची मोहीम हाती घेतली, शेती महाविद्यालयाची. केंद्राने 1862 च्या कायद्यानुसार राज्यांना शेती आणि यंत्रविद्येच्या शिक्षणासाठी जमिनीचे हक्क दिले होते. नॉर्थ कॅरोलायनाच्या वाट्याच्या निधीचं वर्षाचं 7,500 डॉलर व्याज चॅपेल हिलच्या विद्यापीठाला जायचं, आणि तिथे शेती शिकवली जात नाही अशी पोल्कची तक्रार होती. त्याने गावोगाव शेतकरी मंडळं काढायला लावली, जानेवारी 1887 मध्ये राज्याच्या राजधानीत, रालेला, त्यांची परिषद भरवली आणि अधिवेशन चालू असतानाच दबाव आणला. मार्चमध्ये कायदा झाला, ऑक्टोबर 1889 मध्ये कॉलेज उघडलं. आजचं नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ ते हेच. तेव्हा पोल्क आमदार नव्हता, आणि आमदार असताना जमलं नसतं असं काम त्याने यातून करून घेतलं.

अलायन्स: एकत्र खरेदी कुठे अडते

टेक्सासमध्ये सुरू झालेली ‘फार्मर्स अलायन्स’ ही संघटना 1887 साली नॉर्थ कॅरोलायनात आली. 1890 पर्यंत एकट्या या राज्यात सुमारे 90 हजार सभासद झाले. शेतकऱ्यांशिवाय खेड्यातले डॉक्टर, शिक्षक, पाद्री चालत. व्यापारी, सावकार आणि वकील यांना मज्जाव. बायकांना सभासदत्व होतं. कृष्णवर्णीयांना नव्हतं, त्यांची ‘कलर्ड फार्मर्स अलायन्स’ ही वेगळी संघटना होती. डिसेंबर 1889 मध्ये सेंट लुइसला पोल्क राष्ट्रीय अध्यक्ष झाला.

अलायन्सचा पहिला मार्ग एकत्र खरेदीचा होता. गावच्या शाखेने मागणी गोळा करायची, राज्याच्या एजंटाने ती एकत्र करून खत आणि अवजारं थेट कारखान्यातून घाऊक भावात आणायची. हिशेब बरोबर, पण कारखाना रोख मागतो. ज्याचं पीक दुकानदाराच्या नावावर आहे त्याच्याकडे रोख कुठून येणार? फायदा झाला तो थोडीफार पत असलेल्यांना. सगळ्यात अडलेला माणूस बाहेरच राहिला.

एक लढाई मात्र स्वच्छ जिंकली, बारदानाची. कापसाच्या गाठीला गुंडाळायला तागाचं बारदान लागे. त्याचा ताग बंगालमधून, कलकत्त्यावरून जाई. 1888 मध्ये बारदानाच्या कारखानदारांनी एकजूट करून वारामागे 7 सेंटचा भाव 11–12 सेंटवर, काही ठिकाणी त्याहून वर नेला. ऐन हंगामात बारदानाशिवाय गाठ बांधता येत नाही, म्हणून त्यांनी नेमकी ती वेळ साधली. अलायन्सने सभासदांना ताग सोडून सुती बारदान वापरायला लावलं. अडचण तिथेही होती. सुती बारदान हलकं, आणि व्यापारी गाठीच्या वजनातून बारदानाची तूट तागाच्या हिशेबाने कापत, म्हणजे सुती गुंडाळणाऱ्याच्या रुईचेही पैसे जात. तरी बहिष्कार टिकला आणि पुढच्या हंगामापर्यंत एकजूट मोडली.

उपकोषागाराची योजना

आता मुख्य गोष्ट. 1889 च्या सेंट लुइस परिषदेत चार्ल्स मॅक्यून या अलायन्सच्या नेत्याने एक योजना मांडली, आणि पोल्कने ती आयुष्याच्या शेवटापर्यंत देशभर फिरून लोकांच्या गळी उतरवली. ज्या काउंटीत वर्षाला 5 लाख डॉलरचा शेतमाल विकला जातो तिथे केंद्र सरकारने वखार आणि उपकोषागार, म्हणजे सरकारी खजिन्याची शाखा, उघडावं. शेतकऱ्याने कापूस, गहू, मका, तंबाखू असा न नासणारा माल तिथे ठेवायचा. त्या दिवशीच्या बाजारभावाच्या 80 टक्के रक्कम सरकारी नोटांत लगेच मिळेल. व्याज वर्षाला 1 टक्का, वर साठवणुकीचा आणि विम्याचा खर्च. मुदत 12 महिने. वखार पावती हातोहात विकता येईल. मुदतीत माल सोडवला नाही, तर लिलाव.

एका गाठीचा हिशेब करू. नोव्हेंबरात 500 पौंडाची गाठ, भाव 8 सेंट, किंमत 40 डॉलर. 80 टक्के म्हणजे 32 डॉलर हातात. मे महिन्यात भाव साडेनऊ झाला, तर गाठ साडेसत्तेचाळीसची. सहा महिन्यांचं व्याज 16 सेंट. कर्ज, व्याज आणि वखारीचा खर्च वजा करून उरलेले पंधराएक डॉलर शेतकऱ्याचे. योजना नसती तर ही भाववाढ व्यापाऱ्याच्या खिशात गेली असती.

लोकांना यातला स्वस्त व्याजाचा भाग लगेच दिसतो. पण मॅक्यूनची खरी हुशारी चलनात आहे. त्या वेळी बँकांच्या नोटा सरकारी रोख्यांच्या आधारावर निघत, त्यामुळे हंगाम असो वा नसो, देशातला पैसा जवळजवळ तेवढाच. सुगीत सगळ्यांचा माल एकदम बाजारात येई, तो उचलायला पैसा अपुरा पडे, आणि भाव पडत. उपकोषागारात माल आला की तेवढ्या नोटा निघणार, आणि माल विकला गेला की त्या परत येऊन रद्द होणार. पिकाबरोबर फुगणारं आणि ओसरणारं चलन.

योजना चुकण्याच्या जागाही खऱ्या होत्या. भाव 6 सेंटवर आला तर गाठ 30 डॉलरची आणि कर्ज 32 चं. तोटा सरकारचा, म्हणजे करदात्याचा. वखारीत साठलेला प्रचंड माल दिसत राहिला, तर पुढच्या हंगामाचा भावही दबतो. सगळ्यात मोठी फट अशी, की वखारीत माल ठेवणार कोण? ज्याचा कापूस पेरणीआधीच बोज्याखाली गेला, त्याच्या नावाने दुकानदारच गाठी घेऊन वखारीत जाणार. निदान पहिल्या वर्षी तरी.

फेब्रुवारी 1890 मध्ये हे विधेयक सिनेटमध्ये मांडलं झेब्युलन व्हॅन्सने, पोल्कच्या जुन्या कर्नलने. पण ते ‘विनंतीवरून’ मांडलं, आणि मग पाठिंबा द्यायला नकार दिला. विधेयक समितीतच राहिलं. पोल्क डेमोक्रॅटिक पक्षापासून दूर जाऊन तिसऱ्या पक्षाकडे वळला, त्याच्या मागे हे मोठं कारण आहे. डिसेंबर 1890 च्या ओकालाच्या परिषदेत मागण्यांची यादी पक्की झाली: उपकोषागारं, माणशी 50 डॉलर चलन, चांदीची कितीही नाणी पाडायची मोकळीक, चढता आयकर, सिनेटरांची थेट निवड, रेल्वेवर कडक नियंत्रण, वायदेबाजारावर बंदी.

50 सेंटची वेचणी

पोल्कची बाजू इथवर सरळ दिसते. 1891 च्या सप्टेंबरात ती तशी राहत नाही. कलर्ड अलायन्सच्या नेतृत्वाने कापूस वेचणाऱ्यांचा संप पुकारला. मागणी 100 पौंडांना 1 डॉलर. पोल्कच्या साप्ताहिकाने शेतकऱ्यांना सल्ला दिला, की 50 सेंटपेक्षा जास्त देण्यापेक्षा कापूस शेतात उभा राहू द्या.

आकडे बघितले की संघर्ष कळतो. 500 पौंड रुईला साधारण 1,500 पौंड सरकी न काढलेला कापूस वेचावा लागतो. 50 सेंटने वेचणी साडेसात डॉलर, 1 डॉलरने 15. गाठीला 40 डॉलरही येत नसताना 15 डॉलर वेचणीत गेले, तर वर्षभर कर्जात बसलेला मालक बुडणार होता, हे खरं. पण वेचणाराही त्याच दुकानातून त्याच उधारीच्या भावाने पीठ आणत होता. त्याच्याकडे वखारीत ठेवायला गाठ नव्हती, होती ती फक्त मजुरी, आणि शेतकऱ्यांचा अध्यक्ष ती वाढवायला तयार नव्हता. संप फारसा कुठे उभा राहिला नाही. आर्कान्सात मात्र तो उठला, आणि तिथे संपकरी कृष्णवर्णीयांना ठार मारण्यात आलं. पुढे दक्षिणेत गोऱ्या आणि काळ्या शेतकऱ्यांची एकी करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ही आठवण आडवी आली असणार.

फेब्रुवारी 1892 मध्ये सेंट लुइसच्या परिषदेत पोल्क अध्यक्षस्थानी होता. 11 जूनला वॉशिंग्टनच्या रुग्णालयात तो मूत्राशयाच्या आजाराने वारला, वय 55. तीन आठवड्यांनी ओमाहाला पीपल्स पार्टीने, म्हणजे शेतकऱ्यांच्या त्या तिसऱ्या पक्षाने, जेम्स वीव्हरला उमेदवारी दिली. त्याला दहा लाखांवर मतं आणि 22 निर्वाचक मतं मिळाली. वीव्हर युद्धात उत्तरेचा सेनाधिकारी होता. दक्षिणेत त्याला सभा घेणं जड गेलं, आणि पोल्क नसल्याची किंमत तिथे कळली. 1896 मध्ये पक्ष चांदीच्या नाण्यांच्या मागणीमागे गेला आणि वखारीची गोष्ट बाजूला पडली.

वखार मात्र परत आली. 1916 साली केंद्राने वखारींचा कायदा केला, आणि 1933 मध्ये कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशनने कापसावर पौंडाला 10 सेंट कर्ज द्यायला सुरुवात केली. भाव त्याखाली गेला तर शेतकऱ्याने माल सोडून द्यायचा, फरक भरायचा नाही. महाराष्ट्रात कृषी पणन मंडळ 1990-91 पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज देतं. सोयाबीन, तूर, हरभरा अशा मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत, 6 टक्के व्याजाने, 180 दिवसांसाठी, आणि व्यापाऱ्याचा माल घ्यायचा नाही असा नियम. तिथेही पहिली अडचण ओलाव्याची. सोयाबीन नीट वाळलेलं नसेल तर गोदामात बुरशी धरतं, म्हणून माल वाळवून, चाळूनच न्यावा लागतो. दुसरी जुनीच: आडत्याकडून पेरणीलाच उचल घेतलेली असेल, तर माल गोदामाकडे न वळता थेट त्याच्या काट्यावर जातो.